दहाव्या माणसाचा प्रश्न

अमेरिकेतील सिनेगॉगांना जोडून असलेल्या सभागृहांत आणि यहुदी समाजकेंद्रांत एकत्र जमून चित्रपट पाहावा व त्यावर चर्चा करावी, ही वहिवाट जुनी आहे. परंतु ज्यांत सहसा ना सिनेगॉग दिसते, ना तोरा, ना छळछावणी, अशा लोकप्रिय विज्ञानकल्पित चित्रपटांतून, म्हणजे अंतराळयानांच्या, यंत्रमानवांच्या आणि परग्रहवासीयांच्या कथांतून, यहुदी आशय शोधू पाहणारी मंडळे जेव्हा भरतात, तेव्हा त्यांच्यापुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो आणि बहुधा त्याला बगल देऊनच चर्चा पुढे सरकते. अमुक चित्रपटातील आशय यहुदी आहे, असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? दिग्दर्शक जन्माने यहुदी आहे म्हणून? कथालेखकाचे आजोबा पोलंडातून आले म्हणून? एखाद्या पात्राच्या नावात हिब्रू ध्वनी ऐकू येतो म्हणून? की यांपैकी काहीही नसताना, पाहणारे यहुदी आहेत एवढ्यावरून? या प्रश्नाला माझ्यापुरते जे उत्तर सापडले आहे ते मांडण्यासाठी हा लेख आहे. चित्रपटातील यहुदीपण त्याच्या निर्मात्याच्या वंशावळीत पाहू नये, तो कोणता वाद उपस्थित करतो यात पाहावे. आणि विज्ञानकल्पित चित्रपट जो वाद पुनःपुन्हा उपस्थित करतात, तो यहुदी धर्मशास्त्राच्या दप्तरात अनेक शतके चालत आलेला वाद आहे. समाजाच्या गणनेत कोणाला धरायचे, आणि ते कोणी, कोणत्या दाखल्यावर ठरवायचे, हा तो वाद होय.

खुणा शोधण्याचा मार्ग सोपा आहे, आनंददायक आहे, आणि काही वेळा तो खराही ठरतो. 'स्टार ट्रेक' या मालिकेतील स्पॉकची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय १९३१ साली बॉस्टन येथे, युक्रेनमधून आलेल्या यहुदी कुटुंबात जन्मले. पुरोहितकुळातील पुरुष सिनेगॉगमध्ये जेव्हा समुदायाला आशीर्वाद देतात तेव्हा त्यांच्याकडे पाहू नये, असा संकेत आहे. बालवयातील निमॉय यांनी तो मोडून पाहिले, आणि हाताची दोन दोन बोटे जुळवून मध्ये फट ठेवण्याची ती मुद्रा त्यांच्या मनावर कायमची उमटली. पुढे १९६७ साली त्या मालिकेच्या एका भागात स्पॉकच्या ग्रहावरील अभिवादन कसे असावे असा प्रश्न निघाला, तेव्हा त्यांनी तीच मुद्रा दिली, आणि आज ती जगभर ओळखली जाते. ही हकीकत त्यांनी स्वतः वारंवार सांगितली आहे, म्हणून ती निर्विवाद आहे. मात्र ती सांगून झाल्यावर मंडळाने थांबू नये. त्याच मालिकेवरून निघालेल्या १९८२च्या 'द रॅथ ऑफ खान' या चित्रपटाच्या अखेरीस, सर्व सहकाऱ्यांचे प्राण वाचवून विषारी किरणांनी मरणोन्मुख झालेला स्पॉक काचेच्या पलीकडून आपल्या मित्राला निरोप देताना हीच मुद्रा करतो. आशीर्वाद देण्याचा अधिकार ज्याला वंशपरंपरेने मिळाला आहे त्यानेच तो द्यावा, हा मूळ विधीचा नियम. येथे अर्धा मानव आणि अर्धा परका असा, दोन्ही समाजांत पुरता न सामावलेला एक जीव तो देत आहे. आशीर्वाद देण्याचा हा अधिकार त्याला कोठून आला, असे कोणी विचारले की खुणांचे कुतूहल संपते आणि विचाराला सुरुवात होते.

खुणांच्या मागे लागल्याने होणारी फसगत 'सुपरमॅन'च्या बाबतीत चांगली दिसते. क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शूस्टर या स्थलांतरित यहुदी कुटुंबांतील दोन तरुणांनी निर्माण केलेला चित्रकथेतील हा नायक १९३८ साली प्रसिद्ध झाला. नाश पावणाऱ्या ग्रहावरून पित्याने यानात घालून पाठवलेले अर्भक, परक्या मुलखात परक्यांनी केलेले संगोपन आणि दोन नावांचे दुहेरी आयुष्य पाहून कोणालाही नाईल नदीत टोपलीतून सोडलेल्या मोशेची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. पण काही उत्साही मंडळी याहून पुढे जातात आणि जर्मनी व ऑस्ट्रियातून यहुदी मुलांना ब्रिटनमध्ये पोहोचवणाऱ्या बालगाड्यांवरून ही कल्पना सुचली असे सांगतात. त्या गाड्या १९३८च्या डिसेंबरात सुरू झाल्या आणि सुपरमॅन त्याच वर्षीच्या वसंत ऋतूत बाजारात आलेला होता. कालक्रमाची एवढी साधी तपासणीदेखील भावनेच्या भरात राहून जाते. मला त्या मूळ चित्रकथेपेक्षा १९७८ साली रिचर्ड डॉनर यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट या संदर्भात अधिक विचारणीय वाटतो. १९३८च्या कथेत बाप मुलाला पाठवतो तो त्याचा जीव वाचावा म्हणून. चित्रपटात मात्र तोच बाप आपल्या एकुलत्या एका पुत्राला पृथ्वीवासीयांना प्रकाशाचा मार्ग दाखवण्यासाठी पाठवतो. जीव वाचवण्यासाठी दूर धाडलेले मूल मोशेच्या कथेतील आहे, आणि जगाच्या उद्धारासाठी धाडलेला पुत्र ख्रिस्ताच्या कथेतील. कथेच्या प्रवासात निर्वासिताचा उद्धारकर्ता झाला. स्वतः डॉनर यहुदी कुटुंबातच जन्मलेले होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे निर्मात्याच्या जन्मावरून आशय ठरवण्याची पद्धती किती अपुरी आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

आता मूळ वादाकडे येऊ. यहुदी धर्मशास्त्रीय चर्चांचा संग्रह असलेल्या तालमूदच्या सान्हेद्रिन या प्रकरणात एक लहानशी कथा आहे. राव्हा नावाच्या पंडिताने एक मनुष्य निर्माण केला आणि त्याला रब्बी झेरा यांच्याकडे पाठवले; झेरा त्याच्याशी बोलले, त्याने उत्तर दिले नाही; तेव्हा हा आपल्या सहाध्यायांचीच निर्मिती आहे हे ओळखून झेरांनी त्याला पुन्हा मातीत जाण्याची आज्ञा केली. कथा एवढीच. पुढे प्रागच्या रब्बी लोव यांच्या नावाशी जोडली गेलेली, मातीच्या पुतळ्याने यहुदी वस्तीचे रक्षण केल्याची गोलेमची दंतकथा याच बीजातून वाढली. पाउल वेगेनर यांनी १९२० साली तिच्यावर मूकपट काढला आणि त्याच वर्षी प्रागमध्येच कारेल चापेक यांनी यंत्रमानवांविषयीचे प्रख्यात नाटक लिहिले. परंतु दंतकथेपेक्षा मला एका धर्मनिर्णयाचे महत्त्व अधिक वाटते. हाखाम झ्वी या नावाने प्रसिद्ध असलेले रब्बी झ्वी आश्केनाझी हे हेल्म येथील ज्या रब्बी एलियांचे वंशज, त्या एलियांनी गोलेम घडवला होता अशी त्यांच्या घराण्यात परंपरा होती. १७१२ साली आम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या निर्णयसंग्रहात त्यांनी एक प्रश्न स्वतःच उपस्थित केला: सामुदायिक प्रार्थनेसाठी मिन्यान, म्हणजे किमान दहा प्रौढ पुरुषांचा समुदाय, आवश्यक असतो, नऊ पुरुष हजर आहेत आणि दहावा गोलेम आहे, तर मिन्यान पूर्ण झाले असे समजावे काय?

हा प्रश्न ऐकून आजच्या वाचकाला कदाचित नवल वाटेल. मला तर तो मानवी विचाराच्या अत्यंत गंभीर प्रश्नांपैकी एक वाटतो. त्यात गोलेमला आत्मा आहे का, तो विचार करतो का, अशी अमूर्त चौकशी नाही. तो आपल्यात उभा आहे, आपल्याला दहाव्याची गरज आहे, मग त्याला मोजायचे की नाही, एवढेच विचारले आहे. शास्त्रीबोवांनी प्रथम त्याच्या बाजूचा युक्तिवाद मांडला: सज्जनांची कृत्ये हीच त्यांची संतती असे वचन आहे, त्या अर्थी सज्जनांच्या हातून घडलेला हा जीव संततीतच जमा धरता येईल. नंतर त्यांनी विरुद्ध निर्णय दिला, आणि त्याचे कारण असे की रब्बी झेरांनी त्याला नाहीसे केले. तो मिन्यानच्या उपयोगी पडण्यासारखा असता तर झेरांसारख्या पुण्यशील पुरुषाने त्याला नाहीसे केले नसते. ज्या अर्थी केले, त्या अर्थी तो गणनेत धरण्यास पात्र नाही.

मोठ्या अधिकाराच्या विद्वानाविषयी संपूर्ण आदर राखून मला येथे हरकत नोंदवावीशी वाटते. या अनुमानाची दिशा उलटी आहे. प्रथम पात्रता ठरावी आणि नंतर तिला धरून वर्तन व्हावे, हा न्याय. येथे वर्तन आधी घडले आहे आणि त्यावरून पात्रता ठरवली जात आहे. मारणारा सज्जन होता म्हणून मारला गेलेला मोजण्यालायक नव्हता, हे अनुमान एखाद्या मातीच्या पुतळ्यापुरते राहिले असते तर चिंता नव्हती. परंतु ज्यांच्यावर जुलूम झाले त्यांची योग्यता जुलमाच्याच दाखल्यावरून ठरवण्याची रीत जगाच्या इतिहासात फार बोकाळली आहे, आणि तिचे सर्वांत भीषण फळ यहुद्यांनाच भोगावे लागले. तालमूदच्या अभ्यासात, हाखामांचा निर्णय शिरोधार्य मानूनही त्यांच्या कारणमीमांसेवर असा आक्षेप घेण्याची मुभा असते. किंबहुना दोघांनी समोरासमोर बसून मोठ्याने वाचावे आणि एकमेकांची वाक्ये अडवावीत, हीच तेथे अध्ययनाची रूढ रीत आहे. म्हणून असा वाद उपस्थित करणारा चित्रपट एकट्याने पाहण्यापेक्षा मंडळात पाहावा असे माझे मत आहे.

याच ठिकाणी १९८२ सालचा रिडले स्कॉट यांचा 'ब्लेड रनर' मंडळापुढे ठेवावा. या चित्रपटाशी निगडित प्रमुख व्यक्तींच्या यहुदीपणाची चौकशी करण्याचे मुळीच कारण नाही. ज्यांच्या १९६८च्या कादंबरीवर तो आधारलेला आहे ते फिलिप के. डिक यहुदी नव्हते. तथापि त्या कादंबरीची मूळ प्रेरणा त्यांनी स्वतः सांगून ठेवली आहे. नाझींच्या विजयाची कल्पना करणाऱ्या आपल्या आधीच्या एका कादंबरीसाठी ते बर्कली येथील विद्यापीठात जपून ठेवलेले नाझी कागदपत्र वाचत होते, आणि त्यांत पोलंडमध्ये नेमणुकीवर असलेल्या एका एस. एस. अधिकाऱ्याची रोजनिशी त्यांच्या पाहण्यात आली. उपाशी मुलांच्या रडण्यामुळे रात्री झोप लागत नाही, अशी त्या गृहस्थाने तक्रार नोंदवली होती. मुले उपाशी आहेत याचे त्याला काहीच वाटत नव्हते. त्याची हरकत आवाजाला होती. हा प्राणी दिसायला माणूस आहे पण माणूस नाही, असे डिक यांच्या मनाने घेतले, आणि मनुष्याकृती असूनही अनुकंपाशून्य अशा कृत्रिम जीवांची कल्पना त्यातून जन्मली. म्हणजे या कथेच्या मुळाशी पोलंडमधील ती मुलेच आहेत. चित्रपटात त्यांचे नाव नाही, पण त्यांच्यावाचून चित्रपटही झाला नसता.

चित्रपटाने या कल्पनेत जो पालट केला तो फार मोलाचा आहे. कृत्रिम मानव ओळखण्यासाठी त्यात एक परीक्षा योजिली आहे: प्रश्न विचारायचे आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून अनुकंपेचा प्रतिसाद मोजायचा. रब्बी झेरांनीही परीक्षाच घेतली होती. ते बोलले आणि उत्तर आले नाही. परंतु येथे परीक्षा घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर अनुकंपेचा लवलेश नाही, आणि ज्यांची परीक्षा घेतली जाते ते भयाने, आशेने आणि एकमेकांवरील मायेने थरथरत आहेत. आरंभीच्या प्रसंगात लिऑन नावाच्या कृत्रिम कामगाराला त्याच्या आईविषयी विचारले जाते आणि तो परीक्षकावर गोळी झाडतो. त्याला आई नाही, आणि आई नसणे हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे. पुढे रेचल ही तरुणी, आपण खऱ्या आहोत हे पटवण्यासाठी, आईसोबतचे आपले बालपणीचे छायाचित्र दाखल्यादाखल घेऊन येते, आणि हा दाखला खोटा आहे, तुझ्या आठवणीदेखील दुसऱ्या कोणाच्या आहेत, असे तिला तोंडावर सांगितले जाते. या दृश्यापाशी मंडळाने चित्रपट थांबवावा आणि कोणी कोणाकडून कोणता दाखला मागितला, याविषयी ज्याला जे आठवते ते त्याला बोलू द्यावे.

मराठी वाचकाला येथे जे आठवावे ते मी सांगतो, कारण हा संबंध खरा आहे आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपली वंशपरंपरा सांगणारे, तेलाच्या घाण्याचा व्यवसाय करणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली म्हणून ओळखले गेलेले, रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी गावांवरून आडनावे लावणारे आणि घरात मराठी बोलणारे बेने इस्रायल, इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले. तेथे १९६२ साली मुख्य रब्बींच्या खात्याने विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींना असे निर्देश दिले की बेने इस्रायल व्यक्तीचा इतर यहुद्यांशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या मातृपरंपरेची, जाता येईल तितक्या मागे जाऊन, तहकिकात करावी. घटस्फोटाचे व दिराशी संबंधित विधीचे रब्बीप्रणीत नियम या समाजाला मागील शतकांत ठाऊक नव्हते, तेव्हा त्याच्या वंशशुद्धीविषयी शास्त्रीय संशय संभवतो, असा त्यामागील युक्तिवाद होता. तालमूदच्या पंडितांपासून समुद्राने दूर पडूनही ज्यांनी सुंता, शब्बाथ आणि शेमा ही प्रार्थना यांवरील निष्ठा सोडली नाही, त्यांच्याकडून आता आजीचा आणि पणजीचा दाखला मागण्यात आला. १९६४च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडून निदर्शने केली, इस्रायलच्या संसदेनेही त्यांची बाजू उचलून धरली, आणि त्या वर्षी निर्देशांतील बेने इस्रायलांचा विशिष्ट नामनिर्देश काढून टाकण्यात आला.

या प्रकरणाला मी कोणा एका रब्बीच्या दुष्टपणाची कहाणी समजत नाही. विवाहाचे आणि वंशाचे नियम ज्यांच्या हाती सोपवलेले असतात त्यांना शंका उपस्थित करणे भाग पडते, हे मला कळते. माझे म्हणणे इतकेच आहे की जो समाज गोलेमला मिन्यानमध्ये मोजावे की नाही असा प्रश्न प्रामाणिकपणे लिहून ठेवतो, त्याच समाजाच्या अधिकाऱ्यांना रेवदंड्याच्या वा पनवेलच्या आजीविषयी असा प्रश्न पडावा, यात त्या वादाचे सामर्थ्य आणि त्यातील धोका, दोन्ही एकदमच दिसतात. 'ब्लेड रनर'मधील रेचलच्या हातातील छायाचित्र ज्याने पाहिले आहे, त्याला ही तहकिकात निव्वळ शास्त्रार्थ म्हणून वाचता येणार नाही. आणि गणनेची ही सीमा हललेलीही आहे: अमेरिकेतील यहुद्यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या शास्त्रसमितीने १९७३ साली स्त्रियांना मिन्यानमध्ये मोजण्यास मान्यता दिली. त्या दिवसापूर्वी आणि त्यानंतर सभागृहातील स्त्रिया त्याच होत्या; मोजणाऱ्यांनी आपली रीत बदलली.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील, आणि त्यांतील एक मला फार महत्त्वाचा वाटतो. तो असा: गणनेत कोण, हा प्रश्न सर्वच समाजांना पडतो, त्याला यहुदी म्हटल्याने यहुदीपण पातळ होते आणि अखेरीस सर्व शोषितांविषयीच्या सर्वसामान्य सहानुभूतीत विरघळून जाते. या आक्षेपात तथ्य आहे. ज्या मंडळात चित्रपट पाहून झाल्यावर प्रत्येकाने सहिष्णुतेविषयी दोन वाक्ये बोलून घरी जायचे, त्या मंडळाला यहुदी म्हणण्याचे कारण नाही, आणि ते न भरले तरी कोणाचे नुकसान नाही. परंतु त्याच सभेत सान्हेद्रिनमधील ते चार ओळींचे प्रकरण, हाखाम झ्वींचा निर्णय आणि १९७३चा ठराव यांचे कागद प्रत्येकाच्या हाती दिले, आणि चित्रपटातील प्रसंग घेऊन त्या कागदांशी वाद घातला, तर तो प्रश्न सर्वांचा असूनही त्याला उत्तर देण्याची पद्धती या समाजाची स्वतःची राहते. फ्रान्झ रोझेनत्स्वाइग यांनी १९२० साली फ्रांकफुर्ट येथे प्रौढांसाठी जी मुक्त यहुदी पाठशाळा काढली, तिच्या उद्घाटनाच्या वेळी त्यांनी हीच भूमिका घेतली होती: पूर्वीचे अध्ययन तोरापासून निघून जीवनाकडे जात असे, आता जे लोक तोरापासून दूर गेले आहेत त्यांनी जेथे आहेत तेथून, आपल्या व्यवसायांतून, आवडींतून आणि शंकांतून, तोराकडे परत यावे. आज दूर गेलेला माणूस चित्रपटगृहात आहे. तर वाट तेथून सुरू व्हावी.

दुसरा आक्षेप, की करमणुकीच्या चित्रपटात गंभीर विचार शोधणे हा विचाराचा अधिक्षेप आहे, त्याचा परामर्श थोडक्यात घेता येईल. १८८०च्या सुमारास मुंबईतील बेने इस्रायलांनी मोशे, योसेफ आणि इतर पूर्वजांची चरित्रे मराठी कीर्तनातून गाण्यास प्रारंभ केला. कीर्तन हे त्यांच्या हिंदू शेजाऱ्यांचे लोकरंजनाचे आणि लोकशिक्षणाचे साधन होते. त्याचे रंग, त्याच्या चाली, त्यातील अभिनय, सारे त्यांनी तसेच ठेवले आणि त्यात तोरातील आख्याने बसवली. हिब्रू न कळणाऱ्या आयाबायांना आपल्या धर्मग्रंथाचा परिचय बऱ्याच अंशी अशा वाटेने झाला. ज्या समाजाला हे जमले त्याला लोकप्रिय कलेची भीती वाटण्याचे कारण नाही.

मंडळात खरा मतभेद मात्र उमटला पाहिजे, आणि त्यासाठी २००० सालच्या 'एक्स-मेन'इतका उपयोगी चित्रपट मला दुसरा दिसत नाही. त्याचा आरंभ १९४४च्या पोलंडमधील छळछावणीच्या दाराशी होतो. आईबापांपासून ओढून काढलेला यहुदी मुलगा केवळ मनाच्या जोरावर ते लोखंडी दार वाकवतो. हाच पुढे मॅग्नेटो होतो. जन्मतः निराळ्या शक्ती लाभलेल्या माणसांची सक्तीने नोंदणी करण्याचा कायदा अमेरिकी सिनेटपुढे येतो, तेव्हा या नोंदवह्यांचा शेवट कोठे होतो हे तेथील सर्वांत त्या एकट्यालाच प्रत्यक्ष अनुभवाने ठाऊक आहे. त्याचा प्रतिपक्षी प्रोफेसर झेवियर संयमाचा आणि सहजीवनाचा पुरस्कर्ता आहे. प्रेक्षक सहजच झेवियरच्या बाजूला जातो. यहुदी मंडळाला ते इतके सोपे नसावे, कारण मॅग्नेटोचे निदान इतिहासाने खरे ठरवलेले आहे. परंतु त्याचा उपाय पाहावा. जगातील राज्यकर्ते एलिस बेटावर जमले असता, ज्या बेटावरून लक्षावधी स्थलांतरित अमेरिकेत शिरले त्याच बेटावर, त्यांना यंत्राच्या योगे आपल्यासारखे करून टाकण्याचा त्याचा बेत आहे, आणि ते यंत्र चालवण्यासाठी तो एका अल्पवयीन मुलीचा जीव घ्यायला सिद्ध होतो. आईबापांपासून हिरावलेले मूल मोठे होऊन दुसऱ्याचे मूल यंत्रात बांधते. आपल्यावर झालेल्या अन्यायाचे ज्ञान आपल्याला कशाचा अधिकार देते आणि कशाचा देत नाही, हा आजच्या यहुदी समाजाला आतून पोळणारा प्रश्न आहे. आणि ज्या खोलीत वाचलेल्यांची मुले आणि त्यांची नातवंडे शेजारी शेजारी बसली आहेत तेथे तो एका उत्तराने मिटणार नाही. मिटवूही नये. तालमूदचा गाभा असलेल्या मिश्नाने हिलेल या पंडिताच्या परंपरेबरोबर त्यांचे प्रतिपक्षी शम्माई यांच्या परंपरेची नाकबूल झालेली मतेही नोंदून ठेवली. मंडळाच्या चालकानेही आपल्या टिपणात पराभूत पक्षाचे म्हणणे पुरतेपणी उतरवून ठेवावे.

गणनेच्या वादाबाहेरचे, पण याच पद्धतीने वाचता येण्याजोगे एक उदाहरण म्हणून 'ड्यून'विषयी थोडे. फ्रँक हर्बर्ट यांची १९६५ची कादंबरी आणि तिच्यावरील २०२१ व २०२४चे दोन चित्रपट तारणहाराची वाट पाहणाऱ्या समाजाविषयी आहेत, आणि तारणहार खरोखर आल्यावर काय अनर्थ होतो याविषयीही. ज्यांनी १६६५ साली शब्बताई झ्वीला मसीहा मानले आणि पुढच्याच वर्षी सुलतानासमोर त्याने धर्मांतर केल्याची बातमी ऐकली, त्या पिढीची आठवण येथे काढावी. ग्लिकेल या हाम्बुर्गच्या व्यापारी स्त्रीने आपल्या आठवणींत लिहिले आहे की तिच्या सासऱ्यांनी पवित्र भूमीच्या प्रवासासाठी कापडचोपड आणि वाटाणे, सुके मांस अशा टिकाऊ शिधासामग्रीने भरलेली पिंपे बंदराच्या गावी धाडली होती, आणि ती कितीतरी काळ तशीच तिष्ठत राहिली. आशा फोल ठरते तेव्हा घराघरांत नेमके काय शिल्लक राहते, हे त्या पिंपांवरून जसे कळते तसे मोठमोठ्या इतिहासग्रंथांवरूनही कळत नाही. वाळवंटावरील भव्य युद्धदृश्ये पाहून झाल्यावर मंडळाने त्या पिंपांविषयी वाचावे. चित्रपटातील चानी या तरुणीचा तारणहाराविषयीचा अविश्वास तेव्हा निराळ्याच गांभीर्याने समजेल.

अशा मंडळांना अमेरिकेची मक्तेदारी समजण्याचे कारण नाही. ठाण्याला आणि मुंबईला सिनेगॉगे आहेत. लोद, अशदोद, बीरशेबा, दिमोना येथे मराठी बोलणारी बेने इस्रायल घरे आहेत. तेथे 'ब्लेड रनर' मराठीतून चर्चिला जावा, आणि रेचलच्या छायाचित्राचे दृश्य संपताच, १९६४ साली जेरुसलेमच्या त्या निदर्शनांत बसलेले जे कोणी वृद्ध हयात असतील त्यांना प्रथम बोलण्याचा मान द्यावा: त्यांच्याकडून कोणते कागद मागितले गेले, त्यांनी कोणते दिले, कोणते देण्याचे नाकारले, आणि दाखला मागणाऱ्याच्या टेबलासमोर उभे असताना आपल्या आईविषयी ते काय बोलले. त्यांची ही जबानी मराठीत उतरून घ्यावी, आणि पुढच्या बैठकीत ती हाखाम झ्वींच्या निर्णयाशेजारी ठेवून वाचावी.